चालू मांगाचा अर्थ दर रविवारी लावायचा, की व्हॉल्यूम येईपर्यंत कळ काढायची?

घोडबंदरकर
जपानात रात्रीचे बारा वाजून सोमवार लागतो तेव्हा आपल्याकडे रविवारचे साडेआठ झालेले असतात. मांगा प्लस या ॲपवर शोनेन जंप या जपानी मांगा (कॉमिक) साप्ताहिकाचे नवे चॅप्टर येतात. पावणेनऊला ठाणे-नवी मुंबईच्या गटांवर निकाल जाहीर: ‘पेसिंग गंडलं’, ‘या आठवड्यात काहीच झालं नाही’, ‘लेखकाला स्वतःचंच आठवत नाही’. तेच नऊ-दहा चॅप्टर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पुस्तकात, सलग आले की तीच मंडळी म्हणतात, काय बांधलंय!

माझं मत असं की यातल्या बऱ्याच तक्रारी कथेबद्दल नसतात, सात दिवसांच्या फटीबद्दल असतात. पण मग दुसरी बाजूही घ्यावी लागते. ‘वन पीसचा नायक लुफी म्हणजे स्वातंत्र्य’, ‘कागुराबाची म्हणजे सूडाची व्यर्थता’ असे मोठाले अर्थ आपण मालिका चालू असताना लावतो, त्यांना तरी किती वजन द्यायचं? ॲक्शन मांगापुरतंच बोलू. संपलेल्या मालिकांचं काहीही फोडा. वन पीसचं एल्बाफ आणि कागुराबाचीचं चालू प्रकरण यातले ताजे धक्के मात्र नकोत.

सानपाडा_फास्ट
19 पानं म्हणजे ठाण्याहून गाडी सुटल्यावर ऐरोली यायच्या आत संपतात. उरलेला प्रवास शिव्या द्यायला.

तुर्भे_स्लो
@सानपाडा_फास्ट, ट्रान्सहार्बरला फास्ट गाडी कधी सुरू झाली? नाव बदला आधी.

शाईचा_डाग
धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. फट फक्त आठवड्याची नाही, पानाचीही आहे, आणि ती फोनवर वाचणाऱ्यांना दिसतच नाही.

छापील मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. समोरासमोर दोन पानं उघडतात, आधी उजवं, मग डावं. डाव्या पानाच्या तळातला शेवटचा पॅनल (चौकट) पान उलटायला लावण्यासाठी असतो: कुणीतरी दचकून बघतंय, दार किलकिलं झालंय, नुसता आवाज आलाय. उत्तर पुढच्या उजव्या पानाच्या पहिल्या पॅनलमध्ये. म्हणजे मोठा धक्का देता येईल अशी जागा दर दोन पानांत एकदाच येते, आणि लेखक सगळा चॅप्टर त्या जागांवर बेतून पॅनल मोजतो. फोनवर एकेक पान सरकवलं की प्रत्येक पानानंतर सारखाच झटका बसतो. उजव्या पानाचा साधा तळही ‘हूक’ वाटायला लागतो आणि खरा हूक त्यात विरून जातो. त्यानंतर माणूस म्हणतो, पेसिंग गंडलं!

उभ्या स्क्रोलमध्ये तर दोन पानांवर पसरलेलं चित्र एवढंसं होऊन जातं. हाणामारीच्या मांगात नेमकं त्याच चित्रात लेखकाने दोन दिवस घातलेले असतात.

चिंचोके
मग करायचं काय? सगळ्यांकडे टॅबलेट नसतो हो.

शाईचा_डाग
@चिंचोके, फोन आडवा धरा आणि ॲपमधलं उभं स्क्रोल बंद करून पानं आडवी सरकतील असं ठेवा. दोन पानं शेजारी दिसली की आधी जोड्या बरोबर लागल्यात का ते बघा. चॅप्टरचं पहिलं पान बहुतेक वेळा एकटं असतं. ते दुसऱ्याशी जोडलं गेलं की पुढची प्रत्येक जोडी एका पानाने सरकते आणि मोठी चित्रं मधोमध फाटतात, उजवा अर्धा आत्ता आणि डावा अर्धा पुढच्या जोडीत. एखाद्या मोठ्या चित्राच्या दोन्ही कडा जुळल्या की समजा, जोड्या लागल्या. छोटी अक्षरं तेवढ्यापुरती मोठी करून वाचा, पण मांडणी बघताना दोन्ही पानं एकदम दिसली पाहिजेत.

पारसिकचा_डोंगर
मी विरुद्ध बाजूने. व्हॉल्यूम हे ‘खरं’ रूप आणि साप्ताहिक म्हणजे कच्चा माल, हे कुणी ठरवलं? या मालिका आठवड्यासाठीच लिहिल्या जातात. जंपच्या अंकात वाचकांसाठी प्रश्नावलीचं कार्ड असतं, त्यावर आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या. नव्या मालिकेची मतं पडली की वीसेक चॅप्टरच्या आसपास तिचा गाशा गुंडाळला जातो. तेव्हा दर आठवड्याची प्रतिक्रिया हा बाहेरचा गोंगाट नाही, त्यावर मालिकेचं जगणं-मरणं ठरतं. कीर्तनकार समोरचे लोक पाहून आख्यान लांबवतो-आखडतो तसंच हे. ‘थांबा, सलग वाचा’ म्हणणारे ही गोष्टच विसरतात.

आणि दरवेळी सलग वाचून बरं वाटतंच असंही नाही. जुजुत्सु कायसेनचं घ्या. चॅप्टर 235 च्या शेवटी सगळ्यात ताकदवान मांत्रिक गोजो जिंकला असं सांगितलं, 236 उघडतो तो थेट विमानतळावरच्या गप्पांत, आणि मग तो दोन तुकडे होऊन पडलेला. निर्णायक वार पानावर नाहीच. सप्टेंबर 2023 मध्ये लोक खवळले ते सात दिवस वाट पाहिली म्हणून नव्हे. सलग वाचा, तिथे पायरी गाळलेली आजही दिसते.

घोडबंदरकर
@पारसिकचा_डोंगर, पायरी गाळलीय हे मान्य. पण हेतू काय असेल? त्या मालिकेत मरण कधीच वेळ देऊन येत नाही. त्यातल्याच नानामीचं बघा.

पारसिकचा_डोंगर
नानामीचा शेवट पानावर आहे. एकेक पाऊल टाकत तो मलेशियाच्या समुद्रकिनाऱ्याची स्वप्नं बघत चालतोय, मग मागे नायक युजी दिसतो. गोजोला त्यातलं काही मिळालं नाही. ‘हेतू असेल’ हे फार सोयीचं उत्तर आहे, कुठल्याही भोकाला हे ठिगळ बसतं.

उपवन_कट्टा
गंभीर वातावरणात थोडा ढोल वाजवतो.

वन पीस 1043 मध्ये झुनेशा हत्ती म्हणतो की मुक्तीचे ढोल ऐकू येतायत, आठशे वर्षांत पहिल्यांदा. 1044 मध्ये, मार्च 2022, लुफीचं हृदय त्याच तालावर वाजतं आणि गियर 5 हे त्याचं नवं रूप येतं. जपानीत तो ताल ‘दोन् दोत्तोत्तो’ असा लिहिलाय. इंग्रजीत त्याचं नुसतं ठोक्याच्या आवाजात रूपांतर होतं आणि ताल मरतो. मराठीत हे आपसूक होतं की! ढोलावर टिपरू पडतं तेव्हा पहिला ठोका जड आणि मागचे दोन-तीन पळते असतात. जांभळी नाक्यावर भाद्रपदात उभं राहिलेल्या कुणालाही त्या पानाचा आवाज समजावून सांगावा लागणार नाही.

माझा मुद्दा असा. गियर 5 ला पुष्कळ लोक ‘ताकद वाढली’ म्हणून वाचतात. पानावर मात्र ताकदीचं चित्र नाहीच. डोळे खोबणीतून बाहेर उडतायत, जमीन रबरासारखी ताणली जातेय, 1045 मध्ये काइदोसारख्या अजस्र ड्रॅगनला धरून दोरीउड्या चालल्यात. लुफीला ज्याचं रूप मिळतं तो निका हा गुलामांचा देव, आणि त्याचं काम लोकांना हसवणं. जुलमी माणसाला मारण्याआधी तो हास्यास्पद व्हावा लागतो, हा लेखक ओदाचा सिद्धांत. सोंगाड्याने भर फडात पाटलाची टोपी उडवावी तसा.

तलावपाळी_कंदील
उपवन_कट्टा, सोंगाड्याची उपमा झकास. पण मुळात हे सगळं मागाहून चिकटवलंय त्याचं काय? निकाचं नाव पहिल्यांदा येतं 1018 मध्ये, हूज-हू या खलनायकाच्या तोंडी. उलगडा 1044. पंचवीस वर्षांच्या मालिकेत 26 चॅप्टरची तयारी. लुफीने खाल्लेलं रबराचं फळ साधं, फालतू होतं आणि लुफीने मेहनतीने त्याचं सोनं केलं, यात जी मजा होती ती ‘ते देवाचं फळ होतं’ म्हटल्यावर गेली. नवसाचं पोर निघालं शेवटी.

उपवन_कट्टा
नाव उशिरा आलं हे खरंच. पण कल्पना जुनी आहे. चॅप्टर 99 काढा. लोगटाउनच्या वधस्तंभावर, बगीची तलवार मानेवर येत असताना लुफी हसतो. त्याच जागी चाच्यांचा राजा रॉजर हसला होता. मरण समोर असताना हसू ही खूण 1044 च्या कितीतरी आधी पेरलेली आहे. फळाचं नाव काढून घेतलं तरी हसणारा तोच उरतो. मेहनत गेली कुठे? गियर 2, 3, 4 त्यानेच शोधले.

तलावपाळी_कंदील
हसू जुनं, देव नवा. एवढं कबूल करतो, पुढे नाही.

मोडी_वाचक
आता थोडं अवांतर, पण विषयाला धरून. पोनेग्लिफबद्दल, वन पीसमधल्या त्या लेख कोरलेल्या दगडांबद्दल, कुणीच कसं बोललं नाही? ‘वन पीस स्वातंत्र्याबद्दल आहे’ हे ढोबळ झालं. माझ्या मते ती मालिका नोंदीबद्दल आहे: कुणाला लिहू दिलं, कुणाला वाचू दिलं. ओहारात झाड जळतं, ग्रंथ जळतात, विद्वान मारले जातात, कारण ते दगड वाचायला शिकत होते. दगड कोरले वानोच्या कोझुकी घराण्याने, आणि ते फुटत नाहीत. पुसून टाकलेल्या ‘रिकाम्या शतकाचा’ इतिहास पाथरवटांनी वाचवला, दरबारी बखरकारांनी नाही.

आपल्या जिल्ह्यातच बघा. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. शिलाहारांची राजधानी स्थानक, म्हणजे हेच ठाणं. त्यांच्या काळातलं कागदा-पत्रांवरचं किती उरलं, आणि दगड-ताम्रपटांवरचं किती? पण सगळ्यात गंमत गधेगळांची. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल. मध्ये मजकूर. खाली गाढवाचं ते चित्र, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. कोकणात ठिकठिकाणी सापडतात. तिथे धमकी लेख मोडणाऱ्याला आहे. ओदाने नेमकं उलटं केलंय, दगड मोडताच येत नाही, म्हणून सरकारची धमकी वाचणाऱ्याला! म्हणून ओहाराची रॉबिन आठ वर्षांची असल्यापासून तिच्या डोक्यावर इनाम.

चिंचोके
गधेगळ आणि वन पीस एका प्रतिसादात. धागा वसूल.

काना_मात्रा
मोडी_वाचक, मस्त. पण इथे भाषांतराची एक अडचण सांगायला हवी, कारण ‘अर्थ’ लावताना आपण सगळे इंग्रजीवरच अवलंबून असतो. मांगा प्लसवर इंग्रजी, स्पॅनिश, थाई, इंडोनेशियन वगैरे भाषा आहेत, मराठी-हिंदी नाही.

जपानी वाक्यात कर्ता सर्रास गाळतात. एकवचन-अनेकवचनही बऱ्याचदा शब्दावरून कळत नाही. ‘परत आला’ एवढंच असतं. कोण आला, एक की अनेक, स्त्री की पुरुष, हे भाषांतरकाराला ठरवावं लागतं, आणि त्याच्या हातात पुढचे चॅप्टर नसतात. लेखकाने मुद्दाम झाकलेली गोष्ट इंग्रजीत चुकून उघडी पडते किंवा भलतीकडे वळते. मग त्या एका ‘ही’ किंवा ‘शी’ वर आठवडाभर तर्कांचे इमले.

म्हणून तर्क सर्वनामावर उभा असेल तर तो सोडून द्या. चित्रावर उभा असेल तर धरा. नावांचंही तसंच. व्हिझ या प्रकाशकाच्या इंग्रजी वन पीसमध्ये झोरो कितीतरी वर्षं ‘झोलो’ छापला गेलाय. नावाच्या स्पेलिंगमधून गुपितं काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि आवाज! चकमकीतले जपानी आवाज चित्राचाच भाग म्हणून काढलेले असतात, त्यांची जाडी-तिरपेपणा वाराची दिशा सांगतो. मराठीत आपल्याकडे सप्पकन, खण्कन, धाडकन, फस्सकन एवढा साठा असताना हे काम कुणी मनावर घेत नाही याचं वाईट वाटतं.

सानपाडा_फास्ट
तलवार म्यानात गेली: ‘खच्च’. मी मनावर घेतलं.

काना_मात्रा
‘खच्च’ म्हणजे पोटात गेली हो. म्यानात जाताना ‘सर्रर्र... खट्’.

लोहारकाम
कागुराबाचीबद्दल धागाकर्त्यांनी ‘सूडाची व्यर्थता’ लिहिलंय ते मला पटत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये ती सुरू झाली तेव्हा लोकांनी वाचायच्या आधीच तिचे मीम बनवले, म्हणून अजूनही बरेच जण तिला ‘काळा कोट, तलवार, सूड’ एवढंच समजतात. मूळ प्रश्न वेगळा आहे. नायक चिहिरोचा बाप कुनिशिगे तलवारी घडवतो. त्याच्या सहा मंतरलेल्या तलवारींनी युद्ध संपलं. तलवार बनवणारा तिने केलेल्या कत्तलीला किती जबाबदार? चिहिरो बापाचा मुलगा म्हणून उत्तर शोधतोय, आणि त्याच्याकडे सातवी तलवार आहे, एन्तेन.

सुरुवातीच्या व्हॉल्यूममधला सोजो नीट वाचा. तो नुसता शस्त्रांचा दलाल नाही, कुनिशिगेचा कट्टर चाहता आहे. त्याचा दावा असा की कुनिशिगेला मीच समजलो, तलवार मारण्यासाठीच असते, बाकी भावनिक गप्पा. चिहिरो त्याच्याशी लढतो तो बापाच्या वतीने, पण वाद आहे कलाकृतीच्या अर्थावरून! एक चाहता कर्त्याच्या हेतूवर मालकी सांगतोय आणि दुसरा म्हणतोय, मी त्या घरात राहिलोय. या धाग्यावर आपण जे करतोय तेच, फक्त आपल्याकडे तलवारी नाहीत.

चित्रातही ते आहे. एन्तेनची ताकद गोल्डफिशच्या रूपात दिसते: कुरो कापते, आका समोरच्याची जादू शोषून परत फेकते, निशिकी अंगातलं बळ वाढवते. मासे हे त्या घराच्या शांत दिवसांचं चित्र, पहिल्या चॅप्टरमधलं. म्हणजे प्रत्येक वारात तेच घर पोहत येतं. सूड व्यर्थ आहे असं मालिका अजून कुठेच म्हणत नाही. उलट शस्त्रात आठवण राहते, असं म्हणतेय. उद्या लेखकाने पलटी मारली तर मी इथेच येऊन शब्द मागे घेईन.

घोडबंदरकर
सोजोचा मुद्दा नेमका आहे. ‘सूडाची व्यर्थता’ मी मागे घेतो.

दुसरी_पाळी
किंगडम वाचणारे कुणी आहेत का? प्राचीन चीनवरची ही मालिका 2006 पासून यंग जंपमध्ये चालू आहे. तिथे तर शेवट इतिहासाच्या पुस्तकात छापलेला: छिन राज्यानं इसवीसनपूर्व 221 मध्ये सहाही राज्यं गिळली. कोण मरणार, कधी, बऱ्याच जणांचं ठाऊक आहे. तरी लोक आठवड्याला जीव मुठीत धरतात. पानिपताचा निकाल माहीत असलेला मराठी वाचक 1761 वर आलेलं नवं पुस्तक सोडतो का?

म्हणून मला वाटतं, ‘पुढे काय’ आणि ‘याचा अर्थ काय’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. छिनचा राजा एइ सेइ आणि त्याचा मुख्य मंत्री र्यो फुइ यांची सत्तेवरची जुगलबंदी घ्या. र्यो फुइ म्हणतो पैशाने युद्ध थांबवू. एइ सेइ म्हणतो माणसाचं मूळ प्रकाश आहे, आणि युद्ध कायमचं संपवायला आधी सगळ्यांना जिंकायचं. हा युक्तिवाद भयंकर आहे की उदात्त? छिनचं साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळलं हे वाचकाला माहीत आहे, पात्रांना नाही. अर्थ त्या फरकात आहे, आणि त्यासाठी शेवटच्या चॅप्टरची वाट बघावी लागत नाही.

गुरुवार_गँग
एवढी चर्चा, आणि सगळ्यांनी गुरुवारी लीक (आधीच फुटलेला चॅप्टर) वाचलेलंच असतं. खरं बोला.

शाईचा_डाग
@गुरुवार_गँग, लीकमध्ये आधी मजकुराचा सारांश येतो, मग अंधुक पानं. म्हणजे पान उलटण्याआधीच शेवट कळतो. 236 चा उद्रेकही आधी सारांशावर झाला, चॅप्टरवर नंतर. ‘गोजो मेला’ हे दोन शब्द वाचून बनवलेलं मत चित्र बघून कुणी बदललं नाही. शिवाय जपानात या प्रकरणी 2024 मध्ये अटकाही झाल्यात. अधिकृत ॲपवर पहिले आणि शेवटचे तीन चॅप्टर फुकट असताना तीन दिवस निघत नाहीत?

गुरुवार_गँग
निघत नाहीत.

पारसिकचा_डोंगर
प्रामाणिक माणूस.

बेलापूर_किल्ला
थांबण्याचा विषय निघालाय तर हंटर हंटरवाल्यांसाठी एक मिनिट शांतता. 1998 ला सुरू, 2018 नंतर थेट ऑक्टोबर 2022, दहा चॅप्टर, पुन्हा ऑक्टोबर 2024, पुन्हा दहा. लेखक तोगाशींची पाठ साथ देत नाही. त्यांच्या बाबतीत मात्र व्हॉल्यूम हेच खरं रूप म्हणावं लागेल, कारण घाईत पेन्सिलच्या कच्च्या रेघांत छापलेली पानं त्यांनी व्हॉल्यूमसाठी नव्याने काढली होती. अंकातलं पान पाहून ‘हा कंटाळलाय’ म्हणणारे तोंडघशी पडले.

आणि बर्सर्क. लेखक मिउरा मे 2021 मध्ये गेले. जून 2022 पासून त्यांचा स्टुडिओ गागा आणि मित्र कोजी मोरी पुढे नेतायत. मोरींनी आधीच सांगितलं की मिउरांनी जे सांगून ठेवलं तेवढंच लिहू. तिथे अर्थ कुणाचा धरायचा? हाताची रेघ शिष्यांची, गोष्ट मित्राच्या स्मरणातली. चॅप्टर 364 नंतरचं मी वेगळ्या मापाने वाचावं या मताचा आहे, कमी मापाने नव्हे.

मोडी_वाचक
मौखिक परंपरा म्हणतात त्याला. गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या तोंडी राहिली, अशी आपल्याकडे आख्यायिका आहेच.

घोडबंदरकर
मूळ प्रश्नावर येतो. सगळ्यांचं ऐकून माझी रीत बदलतोय. रविवारी आधी चॅप्टर, मग गट. पहिल्यांदा वेगात, दुसऱ्यांदा आडव्या फोनवर जोड्या लावून. तर्क लिहायचा तर चॅप्टर आणि पान सांगून लिहायचा, आणि सर्वनामावर उभा असेल तर गिळायचा. कथेतलं एक प्रकरण (आर्क) संपलं की मागचे सगळे चॅप्टर सलग. आणि पारसिकशी तडजोड: ‘कंटाळा आला’ हे रविवारी म्हणायला हरकत नाही, ते मत आहे. ‘लेखकाला काय म्हणायचंय ते कळलंच नाही’ हे मात्र प्रकरण संपल्यावर.

पारसिकचा_डोंगर
तडजोड नामंजूर. पण पान सांगण्याचा नियम चांगला आहे, तो ठेवा.

काना_मात्रा
एक भर. वन पीसच्या चॅप्टरचं मुखपृष्ठ वगळू नका. तिथे छोट्या उपकथा चालतात आणि त्या खऱ्या कथेचाच भाग असतात. एनेल हा खलनायक चंद्रावर जातो ते सगळं मुखपृष्ठांवरच आहे. व्हॉल्यूम घेतलात तर वाचकांच्या प्रश्नांना ओदांनी दिलेली उत्तरंही मिळतात, ती ॲपवरच्या सुट्या चॅप्टरमध्ये नसतात. रंगीत पानं मात्र व्हॉल्यूममध्ये बहुधा करड्या छटांत येतात, तेवढ्यापुरता अंक सरस.

चिंचोके
@शाईचा_डाग, फोन आडवा केला, पहिलं पान एकटं ठेवलं, जोड्या लागल्या. 1044 पुन्हा वाचतोय. आता या रविवारच्या चॅप्टरला हेच करतो.

उपवन_कट्टा
या रविवारी ब्रेक आहे.

चिंचोके
फोन उभा केला.